वाशिमचे दोन कादंबरीकार

राजशेखर नावाच्या संस्कृत पंडिताने हजारेक वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एक कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो. त्याला वळवून आणण्यासाठी साहित्यविद्या नावाची वधू देशोदेशी त्याच्या मागे फिरते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचे लग्न लागते. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती आणि इथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले होते.

राजे गेले, राजधानी गेली. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. वाशिम ‘बासिम’ या नावाने जिल्हा झाले आणि १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. दोन जिल्ह्यांमधल्या या ९३ वर्षांत, म्हणजे नकाशावर वाशिम हे केवळ तालुक्याचे गाव असताना, या परिसराने मराठीला दोन कादंबरीकार दिले. गीता साने यांचा जन्म १९०७ चा, वाशिमचा. नामदेव कांबळे यांचा जन्म १९४८ चा, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैन या गावचा. एक शिकलेल्या ब्राह्मण घरातली मुलगी, दुसरा दलित घरातला मुलगा. तिने लग्नसंस्थेला जाब विचारला, त्याने जातीला. हे दोन जाब एकाच व्यवस्थेला विचारलेले आहेत, हे मराठी कादंबरीला कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांची ही हकिकत आहे आणि तिचा बराचसा भाग वऱ्हाडातच घडला आहे.

मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी सुधारणेच्या प्रश्नातून. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा आणि बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. बेळगावात जन्मलेले पदमनजी तीनच वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. त्यांची यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना डोळ्यांनी पाहते, पुढे स्वतःच विधवा होते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाने दाखवलेली वाट धर्मांतराची होती. ती सगळ्यांना पटणारी नव्हती, पण विधवेचे दुःख त्याने कथेत आणले ते कायमचे.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्र काढले आणि त्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली. तिच्यातली यमू स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते. माहेरचे दिवस, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू आणि मग सासरच्या माणसांनी जबरदस्तीने केलेले केशवपन. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली पुण्यात रणे माजली होती, त्याच काळात घराघरांत ही गोष्ट दर आठवड्याला वाचली जात होती. सभेतल्या भाषणांनी जे झाले नाही ते यमूच्या साध्या बोलण्याने झाले. वाचणाऱ्याला आपल्याच घरातली आत्या, मावशी, बहीण दिसू लागली.

पण या कादंबरीच्या अंगणात सगळ्या बायका नव्हत्या. वऱ्हाडातल्या कुणबी, माळी, महार आणि इतर कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. नवऱ्याशी पटले नाही तर जातपंचायतीपुढे काडीमोड होत असे. केशवपन हे उच्च जातींतल्या बायकांचे दुःख होते आणि ते भयंकर होते, यात शंका नाही. मात्र शेतात राबणाऱ्या, पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर उभ्या राहणाऱ्या बाईची दुःखे वेगळी होती. जातीमुळे होणारी विटंबना, गावाची तिच्या अंगावर असलेली सत्ता आणि रोजची उपासमार या गोष्टींना सुधारकी कादंबरीत जागा नव्हती. ‘हिंदू स्त्री’ हा शब्द तेव्हा सर्रास वापरला जाई आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र आपल्याच आळीतली स्त्री असे.

कथा-कादंबऱ्यांवर पहिला मोठा आक्षेप वऱ्हाडातूनच आला, हे या संदर्भात मोलाचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी घरचा संबंध होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीला धारेवर धरले. ताराबाईंचे पुस्तक हे त्याला उत्तर होते. एका मराठा घरातल्या बाईने ब्राह्मण विधवेची बाजू घेतली, हीच त्या काळी मोठी गोष्ट. त्यापुढे जाऊन त्यांनी त्या वेळच्या कथा-नाटकांत पुरुष लेखक बायका कशा रंगवतात, याचाही समाचार घेतला. बाईला एकतर सती नाहीतर कुलटा ठरवणारे लिखाण त्यांनी उघडे पाडले. चोहोबाजूंनी टीकेचे मोहोळ उठले तेव्हा जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

कादंबरीत जात हा मुख्य विषय करणारा पहिला मोठा माणूसही वऱ्हाडातच वाढला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरला झाला, बालपण अमरावतीत गेले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातिव्यवस्थेचा इतिहास हा विषय घेऊन डॉक्टरेट केली. तो ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड त्यांनी उभे केले. परदेशात भेटलेल्या एडिथ कोन या ज्यू तरुणीशी त्यांनी १९२० मध्ये विवाह केला. त्यासाठी व्रात्यस्तोम विधी करून तिला हिंदू करून घेण्यात आले आणि ती शीलवतीबाई केतकर झाली. धर्म, जात आणि लग्न यांची गाठ किती घट्ट असते, हे केतकरांनी ग्रंथात मांडले होते आणि स्वतःच्या संसारातही अनुभवले होते.

त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. अप्पासाहेब डग्गे हे ब्राह्मण गृहस्थ एका रक्षितेच्या वंशात जन्मलेल्या शांतेशी लग्न करतात. सुधारक म्हणून त्यांचे कौतुक होते. खरी परीक्षा पुढे येते, ती मुले मोठी झाल्यावर. त्यांची मुलगी कालिंदी शिकलेली, बुद्धिमान, मानी आहे. ब्राह्मण घरांतून तिला मागणी येत नाही आणि ब्राह्मणेतर घरात तिला देण्याचा विचार कोणी करत नाही. वडिलांच्या सुधारणेची किंमत मुलीने मोजायची, असा हा हिशेब असतो. कालिंदी तो झुगारते आणि शिवशरणाप्पा या लिंगायत तंबाखूच्या व्यापाऱ्यासोबत लग्नाशिवाय राहू लागते. तिला मूल होते. पुढे तो संबंध तुटतो आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या रामरावांशी तिचे लग्न होते. कादंबरीत बेने इस्राईल या ज्यू समाजाची माणसे आहेत, नवी स्मृती लिहिण्याचा ध्यास घेतलेले वैजनाथशास्त्री आहेत. केतकरांची भाषा खडबडीत आहे, प्रसंग मध्येच थांबवून ते चर्चा करत बसतात. तरीही एक गोष्ट त्यांनी अशी दाखवली की जी पुढे कोणाला नाकारता आली नाही. आंतरजातीय लग्न हा दोन माणसांचा एका दिवसाचा पराक्रम नसतो. त्याचा खरा खटला पुढच्या पिढीवर चालतो.

ती वर्षे वऱ्हाडात धामधुमीची होती. अमरावतीत नोव्हेंबर १९२७ मध्ये अस्पृश्यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न तिथे ऐरणीवर होता. परदेशात शिकून आलेले पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे होते. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या सोनार घरातल्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले. कुणबी पुढाऱ्याने केलेल्या या लग्नाने वऱ्हाडात खळबळ उडाली. याच वर्षी पु. य. देशपांडे यांची ‘बंधनाच्या पलीकडे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिनेही मराठी वाचकांत वादळ उठवले. कादंबरीतले आणि गावातले प्रश्न एकमेकांना भिडू लागले होते.

अशा हवेत गीता साने लिहित्या झाल्या.

वाशिमची ही मुलगी नागपुरात शिकली आणि तेही विज्ञान. मुलींनी शिकावे की नाही, यावर ज्या काळी वाद झडत होते त्या काळी तिने शास्त्र शाखेचा वर्ग गाठला. नरसिंह धगमवार यांच्याशी लग्न झाल्यावरही त्यांनी साने हेच नाव ठेवले. सन १९३६ च्या सुमारास त्यांच्या ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ आणि ‘हिरवळीखाली’ या कादंबऱ्या लागोपाठ आल्या. पाठोपाठ ‘लतिका’, ‘फेरीवाला’, ‘आविष्कार’, ‘माळरानात’, ‘धुके आणि दहिवर’ आल्या. थोडेच आधी विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘हिंदोळ्यावर’ ही पुस्तके आली होती आणि लेखिका कोण याचा शोध घेत लोकांनी रान उठवले होते. गीताबाईंनी टोपणनाव घेतले नाही. वादळ झेलायचेच तर ते स्वतःच्या नावाने झेलायचे ठरवले.

त्या वेळी कायदा कुठे होता, हे लक्षात घेतले की त्यांचे धाडस कळते. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला होता. इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात उच्चवर्णीय हिंदू पत्नीला तशी वाट नव्हती. नवऱ्याने दुसरे लग्न केले तरी ती त्याचीच बायको आणि त्याने टाकून दिले तरी ती त्याचीच बायको. हिंदू विवाह कायदा यायला १९५५ साल उजाडावे लागले. त्याच्या वीस वर्षे आधी गीताबाईंच्या नायिका लग्नाचा करार तपासून पाहत होत्या. नवरा शिकलेला आहे, सुधारक म्हणवतो, बायकोला सभेला नेतो, पण घरातला शेवटचा शब्द कोणाचा? बायकोच्या शरीरावर, तिच्या कमाईवर, तिच्या वेळेवर हक्क कोणाचा? हे प्रश्न त्यांनी रडत विचारले नाहीत. विज्ञानाच्या विद्यार्थिनीने प्रयोग मांडावा तसे मांडले. म्हणून कित्येक टीकाकारांना त्या कोरड्या वाटल्या. आपट्यांच्या यमूला सहानुभूती हवी होती. सान्यांच्या नायिकांना हक्क हवा होता. हा फरक मराठी समीक्षेने फार उशिरा ओळखला.

पुढे त्या धनबादच्या कोळसापट्ट्यात राहिल्या. चंबळच्या खोऱ्यात जाऊन त्यांनी दरोडेखोरांच्या मुलुखाचा अभ्यास केला आणि ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिली. ‘भारतीय स्त्रीजीवन’ हा त्यांचा उतारवयातला मोठा ग्रंथ. त्यांच्या कन्या वसुधा धगमवार कायद्याच्या अभ्यासक झाल्या. विदर्भातल्याच देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्या मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या चौघांत वसुधाताई होत्या. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आईने कादंबरीत विचारलेला प्रश्न लेकीने न्यायालयापुढे नेला आणि या वेळी त्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी एक आदिवासी मजूर मुलगी होती. गीताबाईंचे निधन १९९१ मध्ये झाले.

गीताबाईंच्या कादंबऱ्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांची नायिका बहुतेकदा शिकलेली, मध्यमवर्गीय. वाशिमच्या बाजारात सरपण विकायला येणारी बाई त्यांच्या कथेच्या मध्यभागी आली नाही. ती जागा वऱ्हाडी बोलीतून भरली. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० मध्ये आली. तिची नायिका कौतिक ही शिंप्याच्या घरातली. नवरा महादेव कर्तृत्वशून्य आणि पुढे महारोगाने पछाडलेला. कौतिक मोलमजुरी करते, पोरांना वाढवते, पोराने शिकावे म्हणून झटते आणि परिस्थितीशी झुंजत राहते. तिला उपदेश करायला कोणी सुधारक येत नाही. लेखक तिच्यावर दया दाखवत नाही, तिच्या शेजारी उभा राहतो. वऱ्हाडी बोली तोवर विनोदासाठी वापरली जाई. शेळक्यांनी त्याच बोलीत माणसाचे सगळ्यात खोल दुःख सांगितले.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ त्याच्या आदल्याच वर्षी आली होती आणि त्यांनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. नागपुरात १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली बौद्ध धर्मांतर झाले होते, विदर्भातल्या लाखो घरांतून जुने देव निघाले होते आणि त्या घरांतली पहिली शिकलेली पिढी वयात येत होती. नामदेव कांबळे याच पिढीचे.

त्यांचे शिरपूर हे गाव जैनांचे तीर्थ आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी असल्याची श्रद्धा आहे. मूर्तीवर हक्क कोणाचा, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत वाद झाला. पूजेच्या वेळा वाटून घेऊनही तो मिटला नाही. खटला अकोल्याच्या कोर्टातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये तिथे निकाल लागला. वाद तरीही धुमसत राहिला. मंदिर चार दशकांहून अधिक काळ बंद राहून २०२३ मध्ये उघडले. वाशिम जिल्ह्यात श्रद्धेची ठाणी पावलोपावली आहेत. कारंज्याला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकांची पीठे, मंगरूळपीरला दर्गा, पोहरादेवीला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज. देवावरच्या हक्कासाठी माणसे सातासमुद्रापलीकडे जाऊन भांडू शकत होती. त्याच मुलखात दलित वस्तीतल्या माणसाला विहिरीवरच्या आणि देवळाच्या पायरीवरच्या हक्कासाठी राज्यघटनेची वाट पाहावी लागली. कांबळे दोन वर्षांचे असताना घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. गावाने ती रद्द करायला अर्थातच कितीतरी अधिक वेळ घेतला.

कांबळे यांनी वाशिमच्या एका शाळेत चौकीदाराची नोकरी केली, पुढे शिक्षक झाले आणि लिहीत राहिले. त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काळ तोही तापलेला होता. वाशिमच्या शेजारी लागूनच असलेल्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यासाठी सोळा वर्षे संघर्ष झाला होता, घरे जळली होती आणि जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार झाला होता.

दलित आत्मकथनांना तोवर मान मिळू लागला होता. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. भटक्या जमातींतून आलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती पुस्तके थोरच आहेत. पण त्यांच्यामुळे एक समजही रूढ झाला की दलित लेखकाने फक्त स्वतःची साक्ष द्यावी. इतरांची मने कल्पिण्याचा अधिकार जणू त्याचा नव्हेच. ‘राघववेळ’ने हा समज मोडला. तिच्या केंद्रस्थानी लेखक स्वतः नाही. तिथे आहे एक दलित आई, आधाराविना उरलेली, राबणारी, मुलाला माणूस म्हणून उभा करू पाहणारी. जातीचा भार आणि बाईपणाचा भार तिच्या एकाच खांद्यावर आहे. पुरुष लेखकाने तिच्या आत शिरून लिहिले आणि वऱ्हाडच्या मातीतली माणसे, त्यांचे बोलणे, त्यांची भूक आणि त्यांचा मान हे सगळे सोबत आणले.

या आईला मराठी कादंबरीच्या इतिहासात ठेवून पाहिले की शंभराहून अधिक वर्षांचा रस्ता दिसतो. पदमनजींची यमुना दुसऱ्यांची दुःखे पाहत फिरली. आपट्यांची यमू स्वतःच्या घरात बोलू लागली. केतकरांच्या कालिंदीने जात ओलांडली आणि त्याची किंमत मोजली. सान्यांच्या नायिकांनी लग्नाचा हिशेब मागितला. शेळक्यांची कौतिक आणि ‘राघववेळ’मधली आई यांनी सुधारणेच्या कथेचा केंद्रबिंदूच वाड्यातून वस्तीत नेला. आधीच्या लेखकांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र सुधारणा ज्यांच्यासाठी करायची त्यांनीच लेखणी हातात घेतल्यावर कादंबरी अधिक खरी झाली.

नामदेव कांबळे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेच्या चौकीदाराला मिळालेला सन्मान म्हणून वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. ते कौतुक रास्त होते. पण लेखकाचा खरा मान त्याचे पुस्तक वाचण्यात असतो. गीता साने यांच्या कादंबऱ्यांची स्थिती तर त्याहून वाईट आहे. त्या जुन्या वाचनालयांच्या कपाटांतून शोधाव्या लागतात आणि त्यांच्या जन्मगावातल्या मुलींना त्यांचे नाव क्वचितच सांगितले जाते. वाशिम जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि मराठीच्या शिक्षकांनी एवढे करावे: ‘राघववेळ’ आणि ‘हिरवळीखाली’ एकाच वर्गात, एकामागून एक वाचायला लावाव्यात. जात आणि लग्न हे दोन स्वतंत्र धडे म्हणून शिकवण्याची सवय त्यामुळे सुटेल. आजही आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलीला घरचेच लोक मारतात, अशा बातम्या महाराष्ट्रातून येत असताना ही सवय सुटणे निकडीचे आहे.